जुळणी : एक्क्याऐंशी टक्के

जेलरोड, तिसरा मजला, रविवार.
ताटलीत द्राक्षं, ऋग्वीच्या हातात मोबाइल.
"आजोबा, चाळीस प्रश्न. मग कळेल
गोष्टीतलं कोणतं पात्र तुम्ही आहात."
आप्पांनी चष्मा पुसला.
नोटांच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस
काहीही बघण्याआधी चष्मा पुसतो.

"गर्दीत तुम्हाला एकटं वाटतं?
पूर्ण सहमत, थोडं सहमत, सांगता येत नाही..."
"कुठली गर्दी? कुंभातली की शालिमारच्या सिग्नलची?"
"गर्दी म्हणजे गर्दी हो!"
"मग थोडं लिही."

"नियम मोडायला आवडतात?"
आतून आईच म्हणाली,
"सिन्नर फाट्याला एकदा
पाटीखालीच स्कूटर लावली होती यांनी.
रात्रभर झोपले नाहीत."

"गुपितं ठेवता येतात?"
इथे ते थांबले.
रोज सुटताना गेटवर झडती,
हात वर, खिसे उलटे,
आणि आतलं आतच ठेवून घरी यायचं.
पाचवीत असताना मी विचारलं होतं,
दिवसाला किती पैसे बघता?
पैसे नाही बघत, म्हणाले होते. चुका बघतो.
फुटलेली शाई, सरकलेला आकडा,
केसाएवढी तिरकी गेलेली रेघ.
"पूर्ण सहमत," आप्पा म्हणाले,
आणि एक द्राक्ष उचलून
उजेडाकडे धरून पाहिलं.

पडद्यावर गोल फिरत राहिलं.
मग एक दाढीवाला, मागे काळं पाणी :
कुठल्याशा परदेशी मालिकेतला
दीपगृहाचा राखणदार.
अंतर्मुख. कर्तव्यदक्ष.
दुखावला तर सांगत नाही.

आई पदराला हात पुसत दारात आली.
"चाळीस प्रश्नांत कळलं त्याला?
मला चव्वेचाळीस वर्षं लागली."

"आजी, आता तू!"
"आपल्या गावाला जिच्या नाकावरून नाव पडलं म्हणतात,
ती आहे का तुझ्या यादीत?"
ऋग्वीचा अंगठा खाली खाली सरकत गेला.
राजकन्या. गुप्तहेर. एक बोलका बोका.
चेटकिणीच अकरा.
ती नव्हती.
"मग राहू दे," आई म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी झाली.

आप्पा अजून आकड्यावरच.
"एक्क्याऐंशी. मग एकोणीस टक्के कुठं गेले?"
"तेवढं चालतं, आजोबा."
"आमच्याकडे नव्हतं चालत.
एका ठिपक्यासाठी अख्खा ताव बाजूला निघायचा."
मग थोड्या वेळानं, कुणाकडेच न बघता,
"शेवटी काय होतं त्याचं?"
"अजून आला नाही तो सीझन."

ऋग्वी पुण्याला परत गेली.
तिच्या फोनमध्ये आता मी कुणीतरी घोडेस्वार आहे,
तिचा बाप खलनायक, त्रेसष्ट टक्के,
आणि तिला स्वतःला दर आठवड्याला
नवीन कुणीतरी व्हायला मिळतं.

इथे थंडी उतरली आहे.
समुद्र कसाऱ्याचा घाट उतरून कुठल्या कुठे,
समोर फक्त तुरुंगाची भिंत
आणि तिच्यावरून येणारा मालगाडीचा आवाज.
सहा वाजले की आप्पा गॅलरीत जातात.
शेजारच्या आव्हाडांनी परवा विचारलंही,
रात्रभर दिवा कुणासाठी ठेवता हो?
आप्पा म्हणाले, सांगता येत नाही.

लावण्याआधी बल्ब पुसतात,
फडक्यानं, सगळ्या बाजूंनी,
मग उजेडात
बराच वेळ बघत उभे राहतात,
कुठे काही सरकलंय का.