खांबाच्या सावलीतली रांग

नकाशावर अकरा नंबरची लाल रेघ ओढली,
विडी घरकुलापासून कन्ना चौकापर्यंत,
तेव्हा कार्यालयात कूलर चालू होता
आणि रेघ सरळ होती.

कागदावरचं सोलापूर फार शहाणं.
सात रस्त्याला मोजून सात रस्ते,
पूल चढताना बसला धाप लागत नाही,
आणि थांबा म्हणजे निळा ठिपका,
त्याला ऊन लागत नाही.

हत्तुरे साहेब म्हणाले,
सदतीस नंबरवर उतारू नाहीत म्हणतात,
तीन दिवस बसून माणसं मोजा.

पहिला दिवस: शून्य.
दुसरा दिवस: शून्य. आणि एक शेळी.
'थांबा रद्द करण्यास हरकत नाही'
एवढं लिहून झालं होतं, सही राहिली होती.

तिसऱ्या सकाळी बस माझ्यासमोरून
न थांबता गेली. वळणापलीकडे ब्रेक वाजले.
पळत गेलो.

तिथं विजेचा खांब.
खांबाची सावली डांबरावर आडवी,
जेमतेम वीतभर रुंद,
आणि त्या सावलीत, एकामागे एक,
अकरा बाया, टॉवेल कारखान्यातला एक पोरगा
आणि सायकल विकून आलेला एक म्हातारा.
पट्टीनं आखावी तशी रांग.
माझ्या नकाशातली एकही रेघ इतकी नेमकी नव्हती.

कंडक्टर बिराजदार दारातून ओरडला,
"शेडात शेळ्या बसत्यात, साहेब.
त्यांचा पास नाही."

नागमणी दासरीच्या मांडीवर विड्यांचं सूप, फडक्यानं झाकलेलं.
हजार विड्या. चेकर छाटेल त्या वेगळ्या.
अकराच्या आत पोचलं तर पान-तंबाखू मिळते,
नाहीतर उद्याचा दिवस बसून.
ती म्हणाली, "शेडाचं तोंड उगवतीला केलंय तुमी.
ऊन आधी येऊन बाकावर बसतंय.
आमी कुठं बसायचं?"

मी विचारलं, बस रोज किती उशिरा येते?
तिनं घड्याळ विचारलं नाही.
"नऊला सावली पार त्या पंक्चरवाल्याच्या पायरीपतुर असती.
म्हाताऱ्या खांबाजवळ, पोरी मागं.
बस आली नाही की सावली आखडती.
आखडली की शेवटची उन्हात.
मग ती रिक्षाला हात करती.
मग तिच्या पुढची."

बस अर्ध्या तासानं आली
तेव्हा सावलीत मावतील एवढीच माणसं उरलेली.
आणि आम्ही तेवढीच मोजतो.
मग म्हणतो, उतारू घटले.
मग एक फेरी कमी करतो.
मग सावली आणखी आखडते.

घरी ती तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवते,
साच्याबाहेरचं पान कात्रीनं कापते,
कापलेलं चुलीत जातं.
माझ्या टेबलावरही असाच एक साचा आहे.
त्याच्या कडा मी कधी बोटानं चाचपल्या नव्हत्या.

टीप फाडली. नवी लिहिली.
थांबा दीडशे पावलं पुढे न्यावा,
शेडची पाठ उगवतीला करावी,
सकाळच्या दोन फेऱ्या वाढवाव्यात,
उतारूंची संख्या नऊ वाजता मोजावी, साडेनऊला नव्हे.

फाइल सतरा दिवसांनी परत आली.
खांब वीज कंपनीचा. रस्ता बांधकाम खात्याचा.
शेड कुणाच्या तरी निधीतली, पाटीसकट, हलवता येत नाही.
फेऱ्यांसाठी गाडी नाही,
गाडी आहे तिला टायर नाहीत.
आणि समासात, हिरव्या शाईत:
'सावली कोणाच्या अखत्यारीत येते, खुलासा करावा.'

खुलासा अजून केलेला नाही.

आज नऊला तिथं जाऊन उभा राहिलो, पोरींच्या मागे,
पंक्चरवाल्याच्या पायरीला टाच लावून.
वीस मिनिटांत गुडघ्याखाली ऊन आलं.
समोरून रिकामी रिक्षा हळू झाली,
रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहून मान उडवली.

पुढून नागमणी न बघताच म्हणाली,
"सरका गं थोडं पुढं."
आणि सगळी रांग
एका पावलानं दाटली.