मधली हवा

उद्यमनगरात, अर्ध्या शटरमागं
शमीम शिकलगार चकतीला तार डकवते.
पाठीला टंगस्टनची भुकटी, एपॉक्सीत कालवून.
नाद लगेच मरायला हवा, म्हणते,
देवळाची घंटा नकोय आपल्याला.

शिरोलीच्या बिडात सेकंदाला साडेचार हजार मीटर,
पंचगंगेत दीड हजार.
काहिलीतला रस रोज वेगळं बोलतो;
तिथं दोन प्रोब उकडून निघाले.

आणि केसाएवढी हवा मध्ये राहिली
तर सगळंच माघारी.
म्हणून आधी ग्रीसचं बोट.

अब्बांचे कान भट्टीतल्या पंख्यानं नेले.
ती हाक मारत नाही.
हात न धुताच
खांद्यावर ठेवते.

बनियनवर पाच तेलकट बोटं.
“आलीस व्हय,” म्हणतात.