कर्मणी प्रयोग

तार्तूच्या वैद्यकीय ग्रंथालयात, तळघरात,
मारिका लुत्स नावं मोजते.
चाळीस वर्षांचे अंक, थायरॉईडवरचे लेख.
पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं ज्याची खोली त्याचं,
मधली पंगतीला उशिरा आल्यासारखी
जागा मिळेल तिथे बसलेली.
रकाने तीन: बाई, पुरुष, माहीत नाही.

तिसराच भरत चाललाय.
एच. रांदमा. परत एच. रांदमा.
एकदाच, ई. तामसालू.
आद्याक्षर म्हणजे डोक्यावरून ओढलेली रजई,
आत कोण, ते पायांवरून ओळखायचं.

त्यांच्या भाषेत तो आणि ती,
दोघांना मिळून एकच शब्द: ता.
जिथे शब्दच एक, तिथे मोजायचं काय,
असं मारिकाला लहानपणी वाटायचं.
आता पगार घेऊन तेच मोजते.

मग फोन. व्हिल्यान्दीच्या पलीकडच्या गावात
एल्वे तामसालू, वय ब्याऐंशी.
"माफ करा, एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या अंकात
ई. तामसालू आहे. ता बाई, की पुरुष?"
बराच वेळ नुसती किटलीची शिट्टी.
मग हसू. "ता मीच की गं."

मारिकानं पहिल्या रकान्यात पेन्सिलीची रेघ ओढली.

"त्या एकाचं राहू दे," म्हातारी म्हणाली,
"त्यात माझं काही नव्हतं,
सरांना परिषदेसाठी दुसरं नाव हवं होतं.
पुढचे सात बघ. शेवटच्या पानावर, बारीक टायपात."

बारीक टायपात लिहिलं होतं:
पेशी मोजल्या गेल्या. तक्ते आखले गेले.
नऊशे बारा काचपट्ट्या तपासल्या गेल्या.
एका ठिकाणी आभारही, प्रयोगशाळेचे.
म्हणजे भिंतींचे, बेसिनचे,
खिडकीतल्या निवडुंगाचे.

"डोळ्याभोवती गोल वळ उठायचा," एल्वे सांगत होती,
"नवरा विचारायचा, आज कुणाशी भांडलीस?"

हे सगळं मी मारिकाकडून ऐकलं, वहीत उतरवलं
आणि अडलं ते इथे.
माझ्या भाषेत दारालाही विचारावं लागतं,
तू तो की ती की ते? तापाला, खोकल्यालासुद्धा.
पण एक पळवाट शाळेतच मिळालेली:
मी पेशी मोजल्या. मी तक्ता आखला. मी लेख लिहिला.
क्रियापद कर्माचं बोट धरून चालतं,
करणारं कोण, वाक्याच्या गावी नसतं.
पाच गुणांचा प्रश्न होता. मन लावून पाठ केला.
आणि आता पाहिलं तर
या कवितेतही मी तेच केलंय.

मारिकानं चौथा रकाना आखला.
मथळा सुचेना. छापताना तो कागदाबाहेर गेला.

"काचा अजून आहेत का गं तिथे?"
फोन ठेवता ठेवता एल्वेनं विचारलं होतं.
"डाव्या कोपऱ्यात सुईनं ओरखडलेला मासा असेल.
एवढासाच. सरांना वाटायचं, काचेचाच दोष."

कपाटाची किल्ली सापडायला दोन दिवस लागले.
मारिकानं पहिली काच काढली,
स्वेटरच्या बाहीनं पुसली
आणि दिव्याखाली धरली.