टिचकी

भट्टी उघडली की दोन दिवस
कौलांना हात लावता येत नाही.
तिसऱ्या दिवशी मी पोत्यावर बसायचो
आणि एकेका कौलाला टिचकी मारायचो.
खणखणलं ते उजवीकडे.
बद्द वाजलं ते डावीकडे,
तिथून टोपलीनं मलप्रभेच्या काठच्या खड्ड्यात.
खानापुरात एकतीस वर्षं हेच केलं.
तेव्हा प्रभू, निवडणं म्हणजे काय
हे मला पहिल्या धड्यापासून सांगत बसू नकोस.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
मातीला कुणी तक्रार करताना ऐकलंय का?
मागच्या बाकावरून माझा हात वर जाणारच होता.
ऐकलंय.
रात्री दोनच्या सुमाराला, आच चढताना,
आतून तडतड येते.
लाकूड घालणारी पोरं तेव्हा बोलायची थांबतात.

शांतवन माझ्याआधी सात मिनिटं जन्मला.
एकच पोट, एकच मळलेला गोळा, साचाही एक.
सतराव्या वर्षी नंदगडच्या मैदानात तंबू लागला होता,
पेट्रोमॅक्सभोवती पाखरं,
आणि मी रडलो, उभा राहिलो,
तू माझं नाव घेतलंस हे मला
पाठीत हात ठेवावा तसं कळलं.
शांतवन शेजारीच होता.
घोंगडीवर, गुडघ्याला गुडघा लागून.
परत येताना चिखलात सायकल ढकलत म्हणाला,
"मी बी मागितलो की रे.
लई जोरात मागितलो.
काय झालंच न्हाई."

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.
आता अडुसष्ट झाली.

तो लोंढ्याला गेला, यार्डात लागला, प्यायला लागला,
आधी प्यायला लागला की आधी गेला
हे आई प्रत्येक वेळी वेगळं सांगायची.
शुभ शुक्रवारी मात्र यायचा.
चर्चच्या पायरीपर्यंत, चपला हातात.
आत ये म्हटलं की हसायचा,
"यारिगे गोत्तु, आत जागा हाय का न्हाई."

आमचं गाव कुठल्या राज्यात
हेही असंच कुणीतरी कागदावर ठरवलं.
बाप म्हणायचा, कारण विचारलं की तारीख मिळते.
पण ते दिल्लीचं होतं.
तुझ्याकडून मला तारीख नको होती.

आणि एक सांगतो, आजवर कबूल केलेलं नाही.
सगळीच कौलं चिरेमुळे बद्द वाजत नाहीत.
कित्येकांना नुसती आच कमी पडलेली असते.
आच मीच लावायचो.
तोंडाकडे जास्त लागायची, मागच्या कोपऱ्यात कमी,
आणि कुठलं कौल कुठे रचायचं
हेही मीच सांगायचो पोरांना.
मग तिसऱ्या दिवशी मीच टिचकी मारायचो,
मीच तोंड वाकडं करायचो.

नोव्हेंबरात शांतवन गेला.
कबरीपाशी पाळकसाहेबांनी दोन ओळी गाळल्या,
आशेच्या.
मला त्या पाठ आहेत म्हणून कळलं.

सामान आवरायला त्याच्या खोलीत गेलो.
वर बघितलं, तर माझीच कौलं.
खड्ड्यातली, डावीकडची, कडा उडालेली.
बैलगाडीनं नेली होती म्हणे, दोन खेपा.
बावीस पावसाळे काढले होते त्यांनी.
भिंतीवर ओल नाही, चुलीवर थेंब नाही.
शेजारच्या गंगव्वा म्हणाल्या,
"सगळ्यांस्नी दाखवायचा, आमच्या भावाची कौलं हाईत,
गळत न्हाईत बघा."

स्टुलावर चढलो. एका कौलाला टिचकी मारली.
बद्द.
दुसऱ्याला.
बद्दच.
मग, का कोण जाणे, स्वतःच्या छातीच्या हाडावर मारली.
कान माझे आता गेलेत.
ऐकलं असशील तर तू.

मी चर्च सोडलेलं नाही.
सोडून जाऊ कुठे, ओळख तुझीच आहे.
फक्त आता डावीकडच्या बाकावर बसतो,
पायरीजवळ.
शेजारी एका माणसापुरती जागा ठेवतो
आणि प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात तेव्हा
मी उघडे ठेवतो,
तुझ्यावर लक्ष ठेवायला.