दहा दिवसांची पावती

साबाए गावात चष्म्यांच्या फ्रेमा होतात,
आमच्याकडे नुसत्या काड्या.
काडी कानामागे जिथं वळते
तेवढं वळण घासून गुळगुळीत करायचं,
हे फुमिए इसोगाईंचं काम.
मनुष्यबळ विभागात मी एकटाच, कुरामोची.
त्यांचे दिवस मोजायचं काम माझं.

कायदा सरळ आहे.
मुदतीचे करार एकाला एक जोडत पाच वर्षांच्या पुढे गेले
की कामगाराने फक्त म्हणायचं, "मला कायम करा."
मालकाने हो म्हणायची गरज नाही.
त्याने हो म्हटलंय
असं मानलं जातं.

म्हणून पाचाच्या उंबऱ्यावर थांबायचं.
एक एप्रिल ते एकतीस मार्च, पाच वेळा,
सहावं पान छापायचं नाही.
नोटीस महिनाभर आधी, भाषा मऊ,
कारण : कामाचे घटलेले प्रमाण.
खरं कारण माझ्या तक्त्यात, पिवळ्या चौकटीत.
संचालक ओगिहारा म्हणाले,
"सहा महिने घरी बसू दे, मग परत बोलवू.
मीटर शून्यावर येतं."
त्यांनी हे टॅक्सीबद्दल बोलावं तसं सांगितलं
आणि मीही मान हलवली, टॅक्सीबद्दल हलवावी तशी.

गेल्या हिवाळ्यात, बर्फाने बस अडकली त्या दिवशी,
इसोगाईबाईंनी माझ्या नाकावरून चष्मा काढून घेतला,
न विचारता,
डावी काडी वाफेवर धरली, वाकवली, परत चढवली.
म्हणाल्या, "तुमचा डावा कान जरा खाली आहे.
कुणी सांगितलं नाही का आजवर?"
सेहेचाळीस वर्षांत कुणीच नाही.

आज नोटीस लिहायची म्हणून फाईल काढली.
पहिल्या कराराच्या पाठीला
गंजक्या पिनेने टोचलेली एक पावती :
प्रशिक्षण, बावीस ते एकतीस मार्च, रोख.
खाली त्यांचा लाल शिक्का, किंचित तिरका.
अक्षर माझं.
आठवलं. वर्ष संपत आलं होतं,
मीच म्हणालो होतो, "कागदाचं एप्रिलपासून बघू."

पैसे दिले म्हणजे काम घेतलं,
काम घेतलं म्हणजे करार झाला,
कागद असो नसो.
पाच वर्षं. आणि दहा दिवस.
म्हणजे हक्क गेल्या एप्रिलपासूनच त्यांच्या पदरात आहे,
आता पदर म्हणजे अॅप्रनचा खिसा,
ज्यात त्या कधी हात घालत नाहीत,
कारण हाताला पॉलिश असतं.

कागद फाडायचं यंत्र माझ्या खुर्चीपासून दोन पावलांवर.
त्याची देखभालही माझ्याचकडे,
त्याला तेल लागतं, दर सोमवारी.
आज सोमवार.
तेल घातलं. यंत्र चालू करून पाहिलं,
रिकामंच,
फार छान चालतं.

चार वाजता त्यांना बोलावलं.
बाई उभ्याच राहिल्या, पुढे पावती.
बराच वेळ बघितल्यावर हळूच म्हणाल्या,
"त्या दहा दिवसांत माझ्या हातून चारेकशे काड्या बिघडल्या.
त्याचे पैसे कापणार आहात का?"

"नाही," मी म्हणालो. "फक्त मोजून बघा.
इथपासून. आजपर्यंत."
आणखी काही बोलायला मला परवानगी नव्हती,
एवढं बोलायलाही नव्हती.

त्यांनी उजवा हात वर धरला,
आमच्याकडे मोजतात तसा उघडा,
आणि एकेक बोट आत मिटत गेल्या.
अंगठा, पहिलं वर्ष.
तर्जनी.
मधलं बोट, ज्याचं नख मशिनने नेलं ते वर्ष.
अनामिका.
करंगळी.
मूठ बंद झाली.
पलीकडच्या खोलीत ओगिहारांची खुर्ची सरकली.
बाई पावतीकडे बघत होत्या,
ओठ हलत होते, बावीस, तेवीस, चोवीस,
आणि मिटलेल्या मुठीतून
करंगळी
जराशी उघडली.