सव्वा किलोचा दिवस

तासगावच्या एका शेडमध्ये मी हजेरी लिहितो.
निळी शाई, मालकांची वही,
पहिल्या पानावर श्री, दुसऱ्यापासून बायका.

नऊला मणेराजुरीकडून टेम्पो येतो.
आधी डबे उतरतात, मग छबूताई कोळेकर
गुडघ्यावर हात रोवून,
मग बाकीच्या.

चाळणीतून बेदाणा पट्ट्यावर येतो
आणि बोटं सुरू होतात.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा खालच्या पाटीत,
काडी कुठंच नको.
खायला बंदी नाही.
पहिल्या दिवशी सगळ्याच खातात.
दुसऱ्या दिवसापासून भाकरीला खर्डाच लागतो.

मला हिशेब येतो, म्हणून मी खुर्चीत.
छबूताईला येत नाही असं मालक समजतात.
मीही समजत होतो.

त्या दिवशी सौद्याहून फोन आला, दोनशे चाळीस.
मालकांनी पेढे मागवले.
पट्ट्यावरचा हात न थांबवता तिनं विचारलं,
"मागल्या साली किती हुता ओ?"
"एकशे साठ."
"आन् आमची हजेरी?"
"तीनशे."
"आन् औंदा?"
मी वही चाळल्यासारखं केलं.
"तीनशेच."

तीन पाट्या भरेस्तोवर ती गप्प.
मग म्हणाली,
"म्हंजे मागल्या साली माझा दिस
दोन किलोला जरा कमी हुता.
औंदा सव्वा किलोचा झाला.
सूर्य तर तेवढाच वेळ हुता की वर."

मी शिकल्यासारखा बोललो.
गंधक, तेल, कोल्ड स्टोरेजचं भाडं,
हमाली, तोलाई, अडत,
जोखीम कुणाची, माल कुणाचा,
आणि भाव नव्वदावर आला होता तेव्हा?
"तवा तीनशेत सव्वातीन किलो बसायचा," ती म्हणाली,
"पर तवा टेम्पोच आठवड्यातनं दोनदा यायचा."

मजुरी वाढली की माल महागतो,
हे मालकांचं पाठ वाक्य.
माल महागला की काय वाढतं,
ते वाक्य अजून त्यांच्या तोंडून यायचंय.
पलीकडच्या शेडात रंग ओळखणारं मशीन आलंय.
त्याचा हप्ता लाखाच्या वर, आणि तो परवडतो.
हप्त्याला कुणी मजुरी म्हणत नाही.

मी सौद्याला गेलोय.
बॉक्स फोडतात, मूठ भरतात, हुंगतात,
एखादा दाणा चावतात
आणि उरलेली मूठ फरशीवर भिरकावतात.
चपलेला बेदाणा चिकटतो, चालताना चर्र वाजतो.
एका सकाळी तिथं किती उधळला जातो,
छबूताईचे किती दिवस,
मी मोजलं नाही.
मोजणं हेच माझं काम, तरी.

शनिवारी पगार. सहा दिवसांचे अठराशे.
तिनं नोटा घेतल्या आणि सरळ काट्यावर ठेवल्या,
जिथं आम्ही पंधरा किलोचे बॉक्स ठेवतो.
लाल आकडे लुकलुकले.
शून्य.
बायका हसल्या. मीही हसलो.
"मोठा काटा आहे," म्हणालो, "हलकं धरत नाही."
"व्हय," नोटा कनवटीला खोचत ती म्हणाली,
"हलकं धरत न्हाई."

सोमवारी टेम्पोतून डबे उतरले,
तिचा नव्हता.
नातीचा दाखला काढायला तहसीलला गेली होती म्हणे.
मी तिच्या नावापुढं पेन टेकवलं
आणि आधी मनात आलं,
सव्वा किलो गेला.
वहीत त्याला रकाना नाही.
फुली मारली,
गैरहजर लिहिलं,
आणि बोटाचं चिकट शर्टाला पुसलं.