लाला

नवाबपुऱ्यातल्या बशारतचाचांनी
चाळीस वर्षं हिमरूवर एकच फूल विणलं.
लाला म्हणत त्याला. पाहिलं कधीच नव्हतं.

जावयानं श्रीनगरहून तीन कंद आणले.
थंडी लागते म्हणे त्यांना, मातीखाली झोपून काढायची.
आपल्याकडे कुठली?
म्हणून आमच्या फ्रिजमध्ये,
दह्याच्या पातेल्यामागे, दहा आठवडे.
एक सासूबाईंनी कांदा समजून चिरला,
वास घेतला, नाक मुरडून फेकून दिला.
दुसरा कुजला.

तिसरा जानेवारीत, डालड्याच्या जुन्या डब्यात,
वीतभरही न वाढता उघडला. लाल.

चाचा समोर उकिडवे बसले.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
बोटं हवेतच ताणा मोजू लागली.
"सहा पाकळ्या? आमच्यात तर तीनच."
मग बराच वेळ काहीच नाही.
गल्लीतून भंगारवाला गेला, परत आला.

"ज्यानं पहिला नक्शा बांधला ना," ते म्हणाले,
"त्यानं एकाच बाजूनं पाहिलं असणार.
घाईत.
गाव सोडताना."

ऊन चढत होतं.
मी डबा भिंतीच्या सावलीत सरकवला.